पाण्याचा दिवस सोडून

पाटीवर मी एवढंच लिहिलं होतं:
गिटार. लहान मुलांसाठी. फुकट.
मग ‘फुकट’ पुसून ‘विनामूल्य’ केलं,
कारण पास्टर म्हणाले, फुकट दिसलं की लोक विचारतात
माल नासका आहे का.

गिटारी तीन. एक माझी.
एक माझ्या भावाची, एबूची,
तो पुण्याला गेला आणि न्यायला विसरला.
तिसरी तरुण संघाच्या कपाटातली,
तिच्या पोटात उंदरानं
जुन्या गीतपुस्तकाची पानं कुरतडून संसार मांडला होता.
मुलं आली अकरा.

पहिल्या रविवारी कुणी वाजवलं नाही.
रांगेनं येऊन नुसता हात लावून गेली,
गोठ्यातलं नवं वासरू बघावं तशी.

दुसऱ्या रविवारी फ्रान्सिना म्हणाली, टीचर, बोटं दुखतात.
म्हटलं, दुखणारच, घट्टे पडेपर्यंत.
शेजारी येमूलांची श्रावणी. ती काही बोलली नाही.
विडी घरकुलातली, आईबरोबर विड्या वळते.
तिच्या बोटांना घट्टे आधीच होते.
सगळ्यांच्या आधी तिचाच सूर निघाला, स्वच्छ.
मला आनंद व्हायला हवा होता.
झाला. पण लगेच नाही.

तिसऱ्या रविवारी चारच मुलं.
मी चिडले. अठ्ठावन्नाव्या वर्षी हा उद्योग कुणी सांगितला होता,
असं मनात म्हणतेय, तोवर आठवलं:
आज पूर्व भागात पाणी.
पाच दिवसांनी येणारं पाणी
कुणाच्या सुरासाठी थांबत नाही.
घरी जाताना बघितली
माझी अख्खी मागची रांग, नळावर,
आणि नागनाथ बोल्ली भरल्या घागरीवर
बोटांनी ठेका धरून,
मी शिकवलेला, चुकीचा.
पाटीवर खडूनं एक ओळ वाढवली.

श्रावणीचे वडील फाटकाबाहेर थांबतात,
कडुनिंबाखाली लूना लावून.
आत येत नाहीत. मी बोलावलं नाही असं नाही.
पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं,
“कुठली गाणी शिकवणार ओ म्याडम?”
मोठ्यानं. तीस वर्षं मागाशेजारी काढलेला माणूस
हळू बोलणं विसरतो.
म्हटलं, गाणं अजून लांब आहे, आधी तार लावू.
“काय?”
“तार!” मी ओरडले.
त्यांनी मान हलवली.
तेवढं पुरलं असावं.

पाचव्या रविवारी तीच तुटली.
एबूच्या गिटारीची पहिली, नायलॉनची, खुंटीजवळ.
दुकानं बंद. मुलं गप्प,
जणू काही मीच जिन्यावरून पडले.
श्रावणीनं कुणाला न विचारता गिटार उचलली
आणि फाटकाकडे चालू लागली.

मी खिडकीतून बघत होते.
त्यांनी दोन टोकं धरली,
रस्त्यावरच्या एका बकरीकडे बघत
गाठ मारली, मागावरची.
कधी मारली ते दिसलं नाही.
मग पंजा उघडून गिटारीच्या पोटावर टेकवला
आणि मुलीला खूण केली, वाजव.
तिनं छेडली.
पंजा तसाच. परत खूण, वाजव.
मला वाटलं, आता आत येतील.
नाही आले. लूनावर जाऊन बसले.

गाठ टिकलीय. सरकते जरा,
दर दहा मिनिटांनी खुंटीचा कान पिळावा लागतो.
नवी तार आणून ठेवलीय, पेटीवर, पाकिटात.
बदलेन म्हणते.

आज बेचाळीसवर गेलंय ऊन.
वीज नाही, पंखा नाही, नऊ मुलं,
सगळ्यांनी एकच सूर धरलाय
आणि तो एक नाहीये.
“टीचर, जमलं?”
मी खिडकीची उरलेली झडप उघडते.
परत, म्हणते. जरा जोरात.
फाटकापर्यंत गेलं पाहिजे.