चार मिनिटं

ऑगस्ट. पोर्ट आर्थर, टेक्सास. सकाळचे सव्वानऊ,
आणि हवा अशी, की पिळली तर बादली भरावी.
रिफायनरीच्या चिमणीवरची ज्योत उन्हात फिकट,
मालवायचा राहिलेल्या दिव्यासारखी.

अनातोल थिबोडोने दार उघडलं,
माझ्या शर्टावर शिवलेलं नाव वाचलं, डेलफीन,
आणि दुसरं काही न बोलता वही पुढे केली.
चाळीस वर्षं कोळंबीच्या बोटीवर काढलेला माणूस.
भरती-ओहोटी लिहावी तशा नोंदी:
८.०२ चालू. ८.०६ बंद.
८.११ चालू. ८.१५ बंद.
"चार मिनिटं," तो म्हणाला. "एक घोट गार, की याची दातखीळ बसते.
चादरी ओल्या. बरणीतलं मीठसुद्धा दगड झालंय."

मी नेहमीच्या वाटेने गेले.
फिल्टर काढला: स्वच्छ.
मागच्या अंगणात कंडेन्सर: जाळीत दोन पानं,
सावलीला एक हिरवा सरडा, गळा फुगवून मलाच दटावणारा.
गॅस मोजला, पुरेसा. कॉइलवर बर्फ नाही.
मग वाटलं, विकणाऱ्याने पाच टनी धूड गळ्यात मारलं असेल.
असली मोठी यंत्रं गडबडगुंडा करतात,
भराभर गार करून मोकळी होतात,
हवेतलं पाणी तसंच ठेवून.
पावलांनी घर मोजलं. नाही. तीनच टन, घराच्या मापाचं.

तेवीस वर्षांत एवढं कळलंय:
यंत्र दर वेळी थकून थांबत नाही.
कुणीतरी त्याला सांगतं, झालं तुझं काम.
आणि ते बिचारं ऐकतं.

बैठकीच्या भिंतीवरचा थर्मोस्टॅट म्हणत होता चौऱ्याहत्तर.
माझ्या खिशातला तापमापक, त्र्याऐंशी.
थर्मोस्टॅटवर मी हाताची पालथी बाजू ठेवली,
बर्फातून काढलेल्या माशासारखा गार.
वर पाहिलं.
छतातल्या झडपेच्या पट्ट्या सगळ्या एकाच बाजूला वळवलेल्या,
उरलेल्या फटींवर निळी चिकटपट्टी,
आणि सगळा वारा त्या एका भिंतीवर कोसळत होता.
घरभर पोचायच्या आत
स्वतःचाच श्वास स्वतःच्या कानात,
की घर गार झालं म्हणून.

"ही कुणी वळवली?"

तो वहीचं पान उलटत राहिला, कोरं होतं तरी.
मग मला गालिचा दिसला:
झडपेच्या बरोबर खाली चार खळगे,
चाकांच्या पलंगाचे, अजून भरून न आलेले.

"व्हर्लीनला वारा सोसायचा नाही," तो म्हणाला.
"म्हणायची, आनातोल, हे माझ्या कपाळावरून काढ बाबा.
गेल्या ऑक्टोबरात काढलं."
हिवाळा गेला. मार्च गेला.
थंडीत कुणाला कळणार, एसी लवकर बंद होतो ते.

दोन बोटांचं काम. मी स्टूल ओढलं.
"तू उतर," तो म्हणाला.
एकोणऐंशी वर्षांचा, गुडघे कुरकुरणारे; मी स्टूल धरलं,
त्याने चिकटपट्टी नखाने सोलली, हळू,
जखमेवरची सोलतात तशी,
गोळी करून शर्टाच्या खिशात टाकली.
पट्ट्या एकेक सरळ केल्या.

मग आम्ही बसलो. त्याने लिहिलं: १०.०३ चालू.
१०.०७ ला दोघांनीही घड्याळाकडे पाहिलं
आणि पाहिलंच नाही असं दाखवलं.
१०.१२. यंत्र घुमतंय.
१०.१९. मागच्या भिंतीपाशी नळीतून पाणी ठिबकायला लागलं,
आधी अडखळत, मग एकसारखं.

"किती झाले?"
"येण्याचे पंच्याऐंशी."
"एवढ्याचे?" तो खेकसला, आणि मोजून नव्वद दिले.

पावतीत कारणासाठी रकाना असतो, एका ओळीचा.
मी लिहिलं: झडपेची दिशा.
त्याने वाचलं, घडी घातली,
आणि पावती त्याच खिशात ठेवली.