किरकोळ

डॅन्यूबकाठच्या आमच्या गावात
सोमवार हा शिव्यांचा वार.
शनिवारी रात्री जे तोंडातून सुटतं
ते सोमवारी नऊला माझ्या टेबलावर येतं
आणि मी, विओलेता, कोर्टातली कारकून,
ते जसंच्या तसं उतरवते.

कायद्याला मोघम चालत नाही.
"अर्वाच्य बोलला" एवढ्याने भागत नाही.
काय बोलला, कुणाला, किती मोठ्याने,
आणि ऐकायला चौकात कोण कोण होतं.
एकवीस वर्षं मी लोकांच्या आयाबहिणींचा उद्धार
निळ्या शाईने, सुवाच्य अक्षरात,
समास सोडून लिहिते आहे.
घरी माझ्या तोंडून "मेल्या"सुद्धा निघत नाही.

आजचा पहिला इसम पेन्को, खाटीक.
नवव्या पेल्यानंतर कारंज्यात उतरला,
पोहून दाखवतो म्हणाला. पाणी घोट्याएवढं.
शंभर लेव्ह दंड. बुटांचं ज्याचं त्याने बघावं.

दुसरा नदीपलीकडचा, रुमानियन ट्रकवाला.
पुलावर भोंगा, पहाटे तीन, अकरा मिनिटं.
"गुन्हा कबूल?"
त्याने मान वरखाली केली.
आमच्याकडे मान वरखाली म्हणजे नाही.
न्यायाधीशांनी नकार नोंदवायला सांगितला.
दुभाषा जेवून येईस्तोवर
बिचारा कबूल करत राहिला,
दर होकारागणिक जास्तच कोडगा ठरत.

मग पुकारा झाला:
गेर्गाना स्तोइलोवा, वय एक्क्याऐंशी, निवृत्त शिक्षिका.
मी वहीतून डोकं वर काढलं नाही.
चौथीत माझ्या निबंधावर लाल शाईचा पाऊस पाडणाऱ्या बाई
आरोपीच्या कठड्याला धरून उभ्या होत्या,
टोपी नीट, बटणं वरपर्यंत.

आरोप: नगरपालिकेने धक्क्यावर लावलेल्या नव्या फलकात
एक अक्षर गळलं होतं.
सदर महिलेने स्टूल आणून
ते नेलपॉलिशने भरलं.
शिपाई मेतोदीने हटकलं तेव्हा
सदर महिला त्यास जाहीरपणे जे बोलली
ते मी आजवर फक्त गोदीतल्या हमालांच्या खटल्यांत लिहिलं होतं.

मी लिहू लागले.
बाई कठड्यावरून वाकल्या.
"संबोधनानंतर स्वल्पविराम, विओलेता.
शिवी दिली तरी
ज्याला दिली त्याला वाक्यात वेगळं उभं करायचं असतं."
मी स्वल्पविराम दिला.
मेतोदीने टोपी या हातातून त्या हातात घेतली.
तोही त्यांचाच विद्यार्थी, मागच्या बाकावरचा.

"पश्चात्ताप होतो का?" न्यायाधीशांनी विचारलं.
"होतो. नेलपॉलिश लाल होतं.
काळं दुकानात मिळालं नाही."

शंभर लेव्ह, नाहीतर पाच दिवस कोठडी.
बाईंनी विचारलं, कोठडीत दिवा किती वाजता घालवतात?
न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं,
जणू ते एखाद्या कलमात असेल.
"नऊ," मी म्हटलं.
"मग परवडत नाही," म्हणाल्या,
आणि पेन्शनच्या पाकिटातून
पाच-पाचच्या वीस नोटा मोजल्या.
पावती घेतली. चष्मा नाकावर सरकवला.
बराच वेळ वाचली.
मग हात पुढे केला, पेनसाठी.
मी दिलं.

संध्याकाळी घरी जाताना धक्क्यावरून गेले.
रस्ता लांबचा पडतो, तरी.
अक्षर तिथंच होतं, लाल, किंचित तिरपं.
पुसायचं तर रंगारी लावायला हवा,
रंगाऱ्यासाठी ठराव,
आणि ठरावात तो शब्द बरोबर लिहायला हवा.

रात्री मिरच्या भाजताना हात पोळला.
एकवीस वर्षांच्या वह्यांतून एक शब्द
आपणहून वर आला आणि तोंडावाटे गेला,
मोठ्याने, स्वल्पविरामासकट.
घरात मी एकटी. बोलले कुणाला, कळेना.
पलीकडून मेतोदीच्या बायकोने
भिंत वाजवली.
दोनदा.