जंक्शनची बाजू

पूर्णेत शिलाई मशीनचं सामान
मोहियोद्दीन चाचांकडं.
ताडकळसचा शिंपी रस्त्यातूनच ओरडायचा, "बॉबिन केस!"
चाचा त्याला पोरीच्या सोयरिकीचं विचारायचे
आणि हात एकटाच जायचा,
खांद्याच्या उंचीला, तिसऱ्या डब्यात,
हाकलल्याशिवाय गाय दावणीला जाते तसा.

दोनशे बारा डबे. एकावरही चिठ्ठी नाही.
बिस्किटाचे, डालड्याचे,
कुणीतरी हजहून आणलेल्या खजुराचे.
कामाला लागले तेव्हा मी विचारलं,
एवढं पाठ कसं केलंत?
म्हणाले, "पाठ कुठं केलं, शेवंते. ठेवलं."

मग रस्ता रुंद करायला लाल खुणा आल्या.
आमची रांग गेली.
नवं दुकान बरोबर समोर मिळालं,
चाळीस पावलांवर.
मी वहीत नकाशा काढला होता :
डावीकडचं डावीकडं, उजवीकडचं उजवीकडं.
एक डबा इकडचा तिकडं होऊ दिला नाही.
झाकणावरची धूळसुद्धा, म्हणा ना, तशीच आणली.

पहिल्याच दिवशी सोळा नंबरच्या सुईसाठी गेलेला हात
हुकांच्या डब्यात बुडाला.
चाचा त्या हाताकडं बघत राहिले,
शेजाऱ्याकडून उसना आणल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी शटल मागितलं, निघाले पट्टे.
चुडाव्याचं गिऱ्हाईक मोबाइल काढून बसलं.
आमच्याकडं एवढा वेळ त्याला
आजवर मिळालाच नव्हता.
इरफान म्हणाला, अब्बांना नांदेडला दाखवू,
वय झालं की होतं असं, डोक्याचा फोटो काढतात.
चाचा काही बोलले नाहीत.
घरून येताना पेन घेऊन आले
आणि एका डब्यावर लिहिलं : सुई.
मला ते अक्षर बघवेना.

गुरुवारी भरदुपारी लाइट गेली.
आतल्या अंगाला अंधार, पंख्याची शेवटची गिरकी.
तेवढ्यात अकोल्याची गाडी आली,
इंजिननं लांब शिट्टी दिली.
चाचांची मान तिकडं वळली,
मानेमागं खांदा, खांद्यामागं हात,
तिसरा डबा.
उघडला. बटणं.

बटणंच.
पण मला दिसलं काय ते.
ह्या माणसाला डावं-उजवं कधी लागलंच नव्हतं.
बॉबिन केस जंक्शनच्या बाजूला असते,
बटणं नदीच्या.
आम्ही रस्ता ओलांडला, दुकानाचं तोंड फिरलं,
जंक्शन जिथल्या तिथं राहिलं.

शुक्रवारी ते नमाजला गेले,
तिथून एका मय्यतीला.
मी इरफानला शटर ओढायला लावलं.
उगवतीचं उगवतीला, मावळतीचं मावळतीला.
शाई ओली असताना वही मिटली
की समोरच्या पानावर जसं उलटं उमटतं,
तसं सगळं दुकान. चार तास.
एकदा इरफान म्हणाला, तुला खात्री आहे ना?
मी म्हणाले, नाही. धर तो डबा.

चाचा आले. टोपी काढली.
लिमल्याची बाई पायरीवरच होती, "चाचा, शटल."
"पाऊसपाणी काय म्हणतंय तिकडं?" चाचांनी विचारलं.
हात गेला.
ती सोयाबीनचं सांगत होती तोवर
शटल तिच्या पुढ्यात.

मला काहीच म्हणाले नाहीत.
दोन चहा सांगितले, एकात साखर जास्त, माझ्या.
संध्याकाळी बघितलं तर डब्यावरचं 'सुई'
नखानं खरवडलेलं.

आता अडचण माझी आहे.
सात वर्षं मी डाव्या-उजव्यावर शिकले,
माझ्याच हातांनी ते उलटं करून बसले.
"काज करायची सुई कुठं, चाचा?"
मान वर न करता म्हणतात,
"जंक्शनकडं. कोपराला."

मी दुकानाच्या मधोमध उभी,
हात अधांतरी,
गाडी कधी वाजते म्हणून.