बिजागरी

दार करकरतं, रूबेन कूस बदलतो.
कळण्याची भाकरी गार होऊन गेली,
घास मोडलेला हात ताटातच,
तोंडापर्यंत न्यायचा कंटाळा.

याच्याबद्दल मी सात जणांना विचारलं.
सातही जण काहीतरी बोलले,
मी कुठे ऐकलं?
मला ठाऊक होतंच सगळं.

रविवारी उपासनेत पाळक म्हणाले,
वाटेवरच्या कुत्र्याचे कान धरू नका.
मला वाटलं, शेजारच्या बाकासाठी असेल.

काल नंदुरबारला, मिरचीच्या पथारीवर
एलाजर आणि मुकादम तोलावरून भिडले.
पोतं माझं नव्हतं, काटाही नव्हता,
तरी उतरलोच मधे.
दोघांनी मिळून मलाच धरलं.
ओठ फुटला, वर मिरचीचा खकाणा.

घरी आलो तर रूबेन उठला,
कुणी न सांगता. माठातलं पाणी आणलं,
ओठाकडे बघत राहिला.
"भाऊ, तुनं काम व्हतं का ते?"

मी उत्तर जुळवतोय
तोवर हा परत आडवा.

दार करकरतं.
बिजागरीला आणलेली तेलाची कुपी
महिना झाला,
माझ्याच खिशात आहे.