उलटी गाठ

रुआरीनं मशीन आणलं ते बाबागाडीत घालून;
बाळ कडेवर, बाळाच्या जागी हे.
आजीचं, म्हणाला. आजी गेली फेब्रुवारीत.
"आवाज करतं, जळका वास मारतं, ओढत मात्र काहीच नाही."
म्हटलं, आम्ही सगळ्याच आता तशा रे. ठेव तिथं.

टेबलावर जुना पेपर. आधी चहा.
मग स्क्रू, निघतील त्या क्रमानं
अंड्यांच्या खोक्यात, खळग्यागणिक एक.
शेवटच्या खळग्यात चुकून राहिलेलं खरंच एक अंडं.

पट्टा तर पट्टा राहिलाच नव्हता,
रबर विरघळून काकवीसारखं रुळाला चिकटलेलं.
रॉकेलच्या बोळ्यानं पुसलं, उरलेलं नखानं.
ब्रशात लोकर, तीन रंगांची,
नाताळच्या झाडाच्या सुया,
आणि एक निळा मणी. तो बशीत ठेवला.
पिशवीला आतून ठिगळ, नायलॉनच्या मोज्याचं,
टाके इतके बारीक की उसवायचा धीर झाला नाही.

कार्बन मात्र गेलेलेच.
बोटाच्या पेराएवढे असतात, हे मसुराएवढे उरलेले.
या मापाचे आता मिळत नाहीत.
कुठल्याशा ड्रिलचे मोठे आणायचे
आणि सँडपेपरवर घासत बसायचं.
चार घासा, बसवून बघा.
दोन घासा, बसवून बघा.
जास्त घासलं की संपलं,
परत जोडता येत नाही.
माझ्या जिभेला हे कळायला साठी उलटावी लागली.

मग मोटर उघडली.
आणि हात तिथंच राहिला.

तांब्याच्या वेढ्यांवर मेणाचा दोरा,
दोऱ्याची गाठ उलटी.

ग्लासगोच्या खाली, नदीकाठी आमचा कारखाना.
आमच्या ओळीत तारा गुंडाळणाऱ्या साठजणी,
साठांत डावखुरी एक. सेंगा.
आईचं नाव ॲग्नेस, तेच उलटं लिहून हिचं ठेवलेलं.
नाव उलटं, हात उलटा,
आणि मुकादमाला उत्तर मात्र सरळ तोंडावर.
दुपारच्या सुट्टीत माझी बोटं ती मेणानं चोळून द्यायची,
तार कापू नये म्हणून.

संपाच्या तेराव्या दिवशी मी गेटातून आत गेले.
घरी दोन लहान, कोळसा संपलेला.
बाकीच्या ओरडल्या. थुंकल्याही.
ती ओरडली नाही.
डाव्या हाताचा हातमोजा काढला तिनं,
आणि पुन्हा घातला.
पुढं सतरा वर्षं एकाच बसनं आलो-गेलो,
ती वरच्या मजल्यावर, मी खालच्या.

मोटर तपासायची तर वाटेत एक बल्ब जोडतात.
आत कुठं वेढे जळून एकमेकांना चिकटले असले
तर बल्ब भगभगून पेटतो.
मी बटण दाबलं, तोंड फिरवून.
बल्बाची तार नुसती लालसर झाली
आणि मोटर हळूच फिरायला लागली.
इतक्या वर्षांत एक वेढा सरकला नव्हता.

तेलाचे दोन थेंब, नवा पट्टा.
गाठीला हात लावला नाही. धूळ तेवढी फुंकली.

संध्याकाळी रुआरी आला. विचारलं, काय बिघडलं होतं?
म्हटलं, घासतं ते झिजलं होतं. बाकी धडधाकट.
पुढचा दिवा पेटला तसं बाळ दचकलं, मग हसलं.
वीस पौंड देत होता, दहा घेतले.
मणी दिला. तो ओळखीचा नव्हता त्याच्या.

सेंगा टेकडीवरच्या वृद्धाश्रमात आहे म्हणे.
बेकरीत कुणीतरी म्हणालं होतं, दोन वर्षं झाली.
तीच बस जाते तिथं.

रात्री भांडी आवरल्यावर
बुटाची नाडी घेऊन बसले,
डाव्या हातानं ती गाठ मारून पाहिली.
तीनदा सुटली.
चौथ्यांदा बसली,
पण सरळ.