आवक-जावक

आवक क्रमांक चारशे सतरा :
सुनयना खिल्लारे, बी.एस्सी. रसायनशास्त्र,
मुक्काम आखाडा बाळापूर,
सहा महिन्यांसाठी, विद्यावेतनासह,
शासनाच्या योजनेतून या कार्यालयास प्राप्त.
मी शिक्का मारला, तारीख घातली.
मग लक्षात आलं, माणूस समोर उभा आहे
आणि बसायला खुर्ची नाही.

खुर्चीची मागणी त्याच दिवशी वर पाठवली.
ती अजून वरच आहे.
तिसऱ्या दिवशी पोरगी एसटीतून
घडीची खुर्ची घेऊन कळमनुरीत उतरली,
निळी, लग्नात भाड्यानं देतात तसली,
पाठीवर कुण्या मंडपवाल्याचा अर्धा पुसलेला नंबर.
"कंडक्टरनं लगेज लावलं, काका,"
म्हणाली, आणि हसली.

तिला काय शिकवायचं, परिपत्रकात होतं.
परिपत्रक कपाटात होतं.
कपाटाची चावी बदलून गेलेल्या साहेबांकडे.
तोवर कुणी झेरॉक्सला धाडलं,
कुणी लेकीच्या नीटचा फॉर्म भरून घेतला,
शिपाई रजेवर असला की पाणीही.
एकदा मीच म्हणालो,
मागच्या खोलीतले गठ्ठे तेवढे लाव.

ओढणी नाकाला बांधून
बारा दिवस ती लाल फडकी सोडत राहिली.
कसर लागलेली, उंदरांनी कोपरे खाल्लेली वर्षं
सालवार रचली.
आणि एका दुपारी पिवळा कागद घेऊन आली.
सेवायोजन कार्यालय, परभणी,
सन एक्क्याण्णव.
(हिंगोली तेव्हा जिल्हा नव्हता,
आम्ही सगळे परभणीचेच बेकार.)
एका लिपिकाच्या जागेसाठी चाळीस नावं,
दहाव्या नावाखाली लाल रेघ.

"काका, हे तुमी हाव न्हं?"
मी चष्मा पुसला.
"मंग बाकीचे एकोणचाळीस?"

लागले असतील कुठंतरी, मी म्हणालो.
हे उत्तर चौतीस वर्षं तयार होतं,
विचारलं मात्र कुणी नव्हतं.
ती कागद वाचत राहिली, हळू,
हजेरी घेतल्यासारखी.
वाकोडीचा एक. शेवाळ्याचे दोघं.
अकरावं नाव, पठाण जब्बार नूरखाँ.
"समोर चहा करायलेत ते?"

मी आवक रजिस्टर उघडलं.
त्या दिवशी टपाल आलं नव्हतं.

सहा महिने भरले.
कार्यमुक्तीचं पत्र माझ्याच टेबलावर उतरलं.
जावक क्रमांक तिनंच घातला
तिच्या टपोऱ्या अक्षरात,
पुढे स्वतःचं नाव, पुढे 'स्वहस्ते'.
मुक्त हा शब्द किती ठिकाणी वापरतो आपण.
"काका, दोन महिन्यांचं खात्यात पडलं नाही अजून."
पडंल, मी म्हणालो.
प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून
पायरीवर ती थांबली.
"खुर्ची ऱ्हाऊ द्या.
पुढच्याला लागंल."

आता ती खुर्ची खिडकीशी आहे.
डेडस्टॉकला नोंद नाही, क्रमांक टाकता येत नाही,
ऑडिटवाला विचारील ही कुणाची,
तर काय लिहू.
कालपासून तिच्यावर गठ्ठे ठेवायला लागलेत,
मी ते उचलून खाली ठेवतो.
परत कुणी ठेवतं.

एकतीसला मी रिटायर.
काल संध्याकाळी रस्ता ओलांडला.
चहा अर्धा झाल्यावर म्हणालो,
जब्बारभाई, परभणीची ती यादी, एक्क्याण्णवची...
त्यानं गाळणी झटकली.
भगोन्याखालची आच कमी केली.
"मालूम है, साहेब. तुमी दहावे, मी अकरावा.
म्हणून तर तुमाला उधार ठेवलं नाय कधी."

मी खिशात सुटे शोधत राहिलो.
समोर आमच्या ऑफिसची ट्यूबलाइट
लागते की नाही, ठरवत होती.