सात नंबरचा खड्डा

बुटीबोरीत मे लागला की काळी माती
स्वतःचंच अंग सोडते.
भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो,
आणि आत जी तांब्याची पट्टी मातीला टेकलेली असायला हवी
ती नुसती लोंबत असते,
सासरी मन न रमलेल्या पोरीसारखी.

मीटरचं हँडल फिरवलं. सात नंबरला सहा ओहम.
रजिस्टरात 'अर्थ' असं छापलेल्या रकान्यात
मी सहा लिहिलं, सही केली,
आणि कूलरपाशी जाऊन बसले.

निखारे त्या दिवसापासून रोज चार वाजता
दोन बादल्या घेऊन निघायचा.
सेहेचाळीस डिग्री. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा.
एकेका खड्ड्याचं झाकण उचलायचा,
आत वाकून बघायचा, मग ओतायचा.
कँटीनमधली पोट्टी हसायची,
"काका, लोखंडाले कोंब फुटन का आता?"
"हसा लेकहो. जमीन तहानली का
कोनाचंच ओझं घेत नाई."

आता माझं सांगते.

क्रशरची मोटर सुरू होताना
फीडर उगाच पडायचा.
एप्रिलात तिसऱ्यांदा पडला तेव्हा सबाने साहेबांचा फोन आला :
माल अडकलाय, काहीतरी करा.
काहीतरी म्हणजे काय
ते त्यांना ठाऊक होतं, मलाही.
मी अर्थफॉल्ट रिलेचं काचेचं दार उघडलं
आणि वीसचा आकडा दीडशेवर नेऊन ठेवला.
फीडर पडायचा थांबला.
साहेबांनी संत्राबर्फीचा डबा पाठवला. मी खाल्ली.

न्यूट्रलच्या पायात आम्हीच रोधाची बेडी घातलेली :
कितीही उफाळलास तरी जमिनीत शंभर अँपिअर, वर नाही.
आणि शंभराच्या वर जे कधी येणारच नाही
त्याच्या वाटेवर, दीडशेच्या मैलावर,
मी पहारेकरी बसवला.
हे गणित सातवीतल्या पोरीला येतं.

सत्तावीस मे, रात्री पावणेदोन.
मोटरच्या डब्यात केबलचं टोक फुटलं.
पंचफुला धुर्वे अनवाणी, फरशी पुसत होती,
उठताना आधाराला म्हणून
मोटरच्या अंगावर हात टेकला होता तिने.

फीडर बघत राहिला.
वरच्याने रीतीप्रमाणे
धाकट्याला आधी संधी दिली,
थांबला,
अजून थांबला,
आणि एक सेकंद भरल्यावर सगळा कारखाना विझवला.

एक सेकंद. घड्याळ न बघता मोजून पाहा.

"झिनझिन्या आल्या बाप्पा,"
पंचफुला म्हणाली, आणि अंधारात
चप्पल चाचपू लागली.

टॉर्च तोंडात धरून मी सात नंबरला गेले.
झाकणाखाली माती ओली, पट्टीला घट्ट चिकटलेली.
शून्य पूर्णांक आठ.
शंभर गुणिले शून्य पूर्णांक आठ, ऐंशी व्होल्ट.
शंभर गुणिले सहा करायचं काही कारण नव्हतं.
पहाटेपर्यंत तेच करत होते.

सकाळी सेटिंग परत वीसवर आणलं.
मोटरला उठताना जी धाप लागते
तेवढ्यापुरती रिलेला थोडी वेळ दिली.
अर्ध्या तासाचं काम.
एप्रिलातही अर्ध्याच तासाचं होतं.
रजिस्टरात खाडाखोड न करता, पूर्ण नावानिशी,
जे केलं होतं ते लिहिलं.
सबाने साहेबांनी वाचलं. काही बोलले नाहीत.
मग डबाही आला नाही.

चार वाजता निखारेच्या हातातली
एक बादली मी घेतली.
त्याने विचारलं नाही काऊन म्हणून.
मी झाकण उचललं आणि घाईने सगळी उपडी केली.

"हळू, म्याडम," तो म्हणाला.
"एकदम ओतलं का वरच्यावर वाहून जाते.
पोटात उतरू द्या."